तुल्लियोनं लिहून दिलेली चूक

उत्तर इटलीतल्या आमच्या डोंगरखोऱ्यात तुल्लियोचं नाव निघालं की लोक अजूनही म्हणतात, "माणूस सोन्यासारखा, पण शेगडीच्या दाराची दोरी बसवावी दुसऱ्यानं." सहा वर्षं मी हे ऐकत आलेय. ऐकलं की माझं डोकं फिरतं. चौतीस वर्षं मी या खोऱ्यात टपाल वाटलं. लोकांची पत्रं हातात असून न वाचण्याची मला सवय आहे. माहीत असून न बोलण्याची मात्र कधीच नव्हती, आणि तीच नेमकी या माणसापायी लावून घ्यावी लागली.

तुल्लियो आता सदुसष्ट वर्षांचा आहे. उंच, हाडकुळा, हात गुडघ्यापर्यंत येतील इतके लांब. पेलेटच्या शेगड्या बसवणं आणि दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. लाकडाच्या भुशाच्या करंगळीएवढ्या कांड्या असतात, त्या पोत्यानं आणायच्या, शेगडीत ओतायच्या, आणि बाकीचं तिचं तिनं बघायचं, अशी ही सोय. आमच्यासारख्या सरपण फोडून कंबर मोडलेल्या लोकांना ती वरदानच वाटली. पण ही शेगडी जरा नखरेल. तिला हवा मोजून लागते. कमी पडली की रुसते, काच काळी करते आणि विझून बसते.

तुल्लियोची कामाची तऱ्हा ठरलेली. आला की टोपी काढायची, पोतं दुमडून शेगडीसमोर टाकायचं, त्यावर गुडघे टेकायचे आणि पंधरा मिनिटं नुसतं बघत राहायचं. हात लावायचा नाही. ज्वाळेचा रंग कसा, ती उभी आहे की लोळतेय, काच कुठल्या कोपऱ्यात काळी झालीय. बायका वैतागायच्या. "तुल्लियो, प्रार्थना आटपली असेल तर कामाला लाग," असं मीच त्याला किती वेळा म्हटलं असेल. तो म्हणायचा, "नोएमी, आजाऱ्याला आधी बोलू द्यावं."

या धंद्यात तो उशिरा पडला. त्याआधी गावातल्या निम्म्या लोकांसारखा तोही आइस्क्रीमवाला होता. आमच्याकडे फेब्रुवारी संपत आला की घरंच्या घरं कुलूपबंद होतात आणि माणसं जर्मनीला जातात. तिथे उन्हाळाभर आइस्क्रीम विकायचं आणि ऑक्टोबरात परत यायचं. हंगाम म्हणजे हंगाम. त्यात लग्न करायचं नाही, आजारी पडायचं नाही आणि जमलं तर मरायचंही नाही. तुल्लियोनं लग्न केलंच नाही. घरी एकटी आई, आर्जा. एका वर्षी निघायच्या आठवडाभर आधी ती जिन्यावरून पडली. दुकान तर उघडायलाच हवं. म्हणून त्यानं तिला खाली बेल्लुनो शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवलं, फक्त हंगामापुरतं. ती ऑगस्टमध्ये गेली. ऑगस्टमध्ये काउंटर सोडून निघता निघता त्याला एक दिवस लागला, आणि तो पोचला तेव्हा माती देऊन झाली होती.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी त्याचंच एक पोस्टकार्ड आश्रमातून फिरून माझ्या थैलीत आलं. न वाचण्याची सवय असली तरी पोस्टकार्डाला पाकीट नसतं. "आई, ऑक्टोबरात येतो आणि तुला घरी नेतो," एवढंच होतं. ते मी त्याच्याच हातात दिलं. दुसरा कोण होता द्यायला? त्यानं ते उलटसुलट करून पाहिलं, खिशात घातलं आणि म्हणाला, "धन्यवाद, नोएमी." त्या वर्षीपासून त्यानं जर्मनी सोडली, खाली शहरात जाऊन शेगडीचं काम शिकून आला. अर्धं आयुष्य थंड विकलं, उरलेलं ऊब दुरुस्त करण्यात घालवलं.

आता ओनोरीनाबद्दल. ती माझ्या वरच्या मजल्यावर राहायची. हा सगळा घोळ झाला तेव्हा ब्याऐंशी वर्षांची, नवरा बोर्तोलो जाऊन बरीच वर्षं झालेली. खोऱ्यात म्हातारी बाई सगळ्यांचीच मावशी असते, तशी तीही. मी साठीची असून तिला मावशी म्हणायची आणि ती मला पोरी म्हणायची. लाकडं उचलणं तिला झेपेना, तेव्हा तुल्लियोनं तिच्या स्वयंपाकघरात पेलेटची शेगडी बसवून दिली. शेगडीला हवा हवी म्हणून भिंतीला वीतभर रुंदीचं भोक पाडलं, बाहेरून जाळी लावली. कायद्यानंच ते पाडावं लागतं. जाताना त्यानं दोनदा बजावलं, "मावशी, हे भोक बुजवायचं नाही. शेगडी इथूनच श्वास घेते." मावशी म्हणाली, "मी कशाला बुजवू?"

पण ते भोक नेमकं तिच्या खुर्चीच्या मागे आलं. खुर्ची हलवायची सोय नव्हती. तिथून रस्ता दिसायचा, चर्चचं दार दिसायचं, आणि टेबलापलीकडे बोर्तोलोची खुर्ची असायची. चोपन्न वर्षं ती तिथेच बसली होती. पहिल्याच थंडीत ती मला म्हणाली, "नोएमी, मानेला वारा लागतोय गं."

आमच्याकडे मानेला वारा लागणं ही साधी गोष्ट नव्हे. ताप परवडला, पडसं परवडलं, पण वारा नको. एका वाऱ्यानं माणूस वाकडा होतो, दुसऱ्यानं अंथरुणाला खिळतो, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर प्यालेलो. मी म्हटलं, "मावशी, मफलर गुंडाळा." ती माझ्यावरच डाफरली. "घरात मफलर? घरात मफलर गुंडाळते ती आजारी बाई. मी काय आजारी आहे?"

तेव्हा मीच अक्कल पाजळली. माझ्या टोपीची विटकरी लोकर उरली होती. तिचा भोकाच्या मापाचा जाडजूड बोळा विणला, आत चिंध्या भरल्या. एका बाजूला छोटी कडीही विणली, म्हणजे तुल्लियो वर्षाची सफाई करायला येणार असला की चटकन ओढून काढता येईल. वर चर्चचं कॅलेंडर टांगलं. आम्हा दोघींना फार हसू आलं. शाळेत मास्तरांना चुकवल्यासारखं वाटलं.

चार हिवाळे काही झालं नाही. तुल्लियो यायचा, त्या दिवशी बोळा कपाटात जायचा. तो गेला की पुन्हा भिंतीत. शेगडी आपली छान जळायची. मी मनात म्हणायची, बघा, भोक म्हणे पाहिजेच.

मग मावशीच्या मुलानं खिडक्या बदलल्या. मौरो त्याचं नाव, त्रेविझोला इमारतींच्या बांधकामावर देखरेख करतो. तो वाईट मुलगा नाही, हे आधीच सांगते. दर दुसऱ्या रविवारी दीड-दोन तास गाडी हाकत यायचा. पण त्याला सगळं पटापट लागायचं, आणि आई हळूहळू बोलायची. जुन्या खिडक्यांतून वारा शिट्ट्या मारायचा म्हणून त्यानं उन्हाळ्यात दुहेरी काचेच्या नव्या बसवल्या. बंद केल्या की बाहेरचा ट्रॅक्टरसुद्धा ऐकू येईना.

ऑक्टोबरात शेगडी पेटवली आणि तिसऱ्या दिवशी विझली.

तुल्लियो आला. यायच्या आधी फोन करणं ही त्याची पद्धत, त्यामुळे बोळा आधीच कपाटात. त्यानं राख काढली, जळणाच्या वाटीची बुजलेली भोकं सळईनं मोकळी केली, धुराडं झाडलं, धूर बाहेर ओढणारा पंखा काढून ब्रशनं धुतला. मग पेटवून पोत्यावर बसला. ज्वाळ उभी, पिवळी, नाचरी.

"ठणठणीत आहे," तो म्हणाला. "राख फार साठली होती."

दोन दिवसांनी काच दुपारपर्यंत डांबरासारखी काळी झाली आणि शेगडीच्या पाटीवर बिघाडाची लाल अक्षरं चमकायला लागली. तुल्लियो परत आला. या वेळी त्यानं दाराशी कागदाचा खेळ केला. कागदाची पट्टी दाराच्या फटीत धरायची, दार लावायचं आणि कागद ओढायचा. अडकला तर दार घट्ट आहे, सुटून आला तर तिथून नको ती हवा आत शिरतेय. डाव्या खालच्या कोपऱ्यात कागद लोण्यातून सुरी यावी तसा बाहेर आला.

"सापडला चोर," तुल्लियो म्हणाला. दाराला कडेनं काचतंतूंची जाड दोरी असते, ती चेपून सपाट झाली होती. त्यानं जुनी खरवडून काढली, खाच घासली, चिकटवण लावून नवी दोरी बसवली. बसवताना ती ताणायची नाही, हे मला समजावूनही सांगितलं. "ताणली की पुढे आखडते, आणि टोकाला फट पडते." मग बिजागरी एक आटा कसली. चारी बाजूंनी कागद अडकला. शेगडी मस्त पेटली. मावशीनं त्याला पोलेंता, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट सांजा, आणि चीज खाऊ घातलं.

चार दिवसांनी पुन्हा तेच. ज्वाळ तांबडी, आळशी, लोळणारी, आणि मावशी पास्तीन, म्हणजे खिम्याच्या वड्या, तळायला घेऊन गॅसवरचा धुराचा पंखा लावते तोच खोलीभर जळका वास. मी खिडकी उघडली तेव्हा कुठे वास गेला. त्या आठवड्यात मावशीचं डोकंही सारखं दुखायचं. आम्ही म्हणालो, हवा बदलतेय, वय झालंय.

आता कुणी विचारेल, नोएमी, तुला एवढं कळू नये? नाही कळलं. चार वर्षं त्या बोळ्यानं काही बिघडलं नव्हतं, मग पाचव्या वर्षी त्याच्यावर संशय कसा यावा? तुल्लियो तिसऱ्यांदा आला, राखेच्या कप्प्याची झडप तपासली, आतली बारीक नळी फुंकून पाहिली, कॅलेंडर उचलून भोक पाहिलं. भोक उघडं. शेगडी त्याच्यासमोर शहाण्या मुलीसारखी वागली. जिन्यात त्यानं मला गाठलं. चेहरा उतरला होता.

"नोएमी, मी असतो तेव्हा जळते आणि गेलो की मरते. हे काय आहे?"

"तुझ्यावर प्रेम बसलंय तिचं," मी म्हटलं. बघा माझी जीभ.

त्या रविवारी मौरो आला. आई कोट घालून, पायावर घोंगडी घेऊन थंड स्वयंपाकघरात बसलेली. जिन्यातून त्याचा आवाज खालपर्यंत येत होता, म्हणून मी वर गेले.

"आई, बेल्लुनोच्या आश्रमात जागा रिकामी झालीय. त्यांना पुढच्या सोमवारी कळवायचंय. मी आणखी एक हिवाळा असा फोन कानाला लावून काढणार नाही."

"शेगडीच तर आहे रे," मावशी म्हणाली.

"तीनदा माणूस येऊन गेला. एकतर शेगडी नालायक, नाहीतर माणूस, नाहीतर..." तो थांबला.

"नाहीतर मी," मावशी म्हणाली.

"मी तसं म्हटलं नाही. पण मागच्या महिन्यात गॅस चालू राहिला होता की नाही? आता शेगडीतही काही उलटसुलट दाबत असशील तर मला सांग. रविवारी येतो. तोवर नीट चालली तर ठीक. पुन्हा विझली, तर बॅग भरायची."

तो गेल्यावर मावशी रडली नाही. बोर्तोलोच्या खुर्चीकडे बघत म्हणाली, "तिथे खिडकीतून काय दिसत असेल गं, पोरी?" मी खाली येऊन तुल्लियोला फोन केला आणि काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं. बेल्लुनो म्हटल्यावर त्यानं मला ते नाव पुन्हा सांगायला लावलं.

शनिवारी सकाळी तो आला, आयुष्यात पहिल्यांदाच न सांगता. मी मावशीकडे कॉफी घेत होते. शेगडी कशीबशी जळत होती. त्यानं टोपी काढली, पोतं टाकलं आणि बसला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग उठून गॅसवरचा धुराचा पंखा लावला. ज्वाळ खाली वाकली. पंखा बंद करून त्यानं नवी खिडकी दोन बोटं उघडली. ज्वाळ उभी राहिली. खिडकी लावली, लोळली. उघडली, उठली.

"शेगडीला काही झालेलं नाही," तो हळूच म्हणाला. "खोलीचाच श्वास कोंडलाय."

त्यानं कॅलेंडर उचललं.

माझ्या हातातला कप टेबलावर आपटला. विटकरी लोकर, बाहेर लोंबणारी कडी. आणि तीच लोकर माझ्या डोक्यावर, कारण थंडी होती आणि मी टोपी घालून बसले होते. तुल्लियोनं बोळा ओढला, हातात फिरवला, माझ्या टोपीकडे पाहिलं. मावशी गुडघ्यांवर हात ठेवून मान खाली घालून बसली होती.

"मावशी, डोकं दुखतं का हल्ली?" त्यानं विचारलं.

"रोज दुपारी."

त्यानं खिडकी सताड उघडली. मटकन पोत्यावर बसला. "जुन्या खिडक्यांच्या फटींनी तुम्हाला चार वर्षं जिवंत ठेवलं," तो म्हणाला. "नव्यांना फट नाही. वास येतो तो धूर परवडला. त्याच्याबरोबर जे येतं त्याला वासही नसतो. माणूस खुर्चीत झोपतो आणि उठत नाही."

मी प्रेमानं टाके घालून, माप घेऊन, या बाईच्या मरणाची तयारी केली होती. हे मी आजही स्वतःला सांगते, कारण दुसरं कुणी सांगणार नाही.

"तुल्लियो, मौरोला सांगू नकोस," मावशी म्हणाली. "तो म्हणेल म्हातारीला कळत नाही. आणि त्याचं चूक तरी काय आहे? मला नाहीच कळलं."

"मी सांगते," मी म्हटलं, "बोळा मी विणला. मलाच ने म्हणावं बेल्लुनोला."

"तू विणलास, पण मी घातला," मावशी म्हणाली. "रोज घातला. त्याला तेवढंच ऐकू येईल."

आणि ते खरं होतं. खिडक्यांवर खापर फोडण्यातही अर्थ नव्हता. मौरो बांधकामातला माणूस, पहिला प्रश्न विचारला असता, मग हवेचं भोक कशाला आहे?

तेवढ्यात खाली गाडी थांबली. मौरो रविवारची वाट न बघता शनिवारीच आला होता. जिन्यावर त्याची पावलं वाजली. तुल्लियोनं बोळा कोटाच्या खिशात कोंबला, कॅलेंडर सरळ केलं आणि दारातून मौरो आत येतो न येतो तोच म्हणाला, "बरं झालं आलात. दोष सापडला. माझाच होता."

"म्हणजे?"

"दाराची दोरी. मी चुकीच्या जाडीची बसवली. दार बसल्यासारखं वाटतं, पण तापलं की सुटतं. म्हणून मी असताना ठीक आणि नंतर बंद. तुमच्या आईनं कशालाही हात लावलेला नाही."

मौरोनं गाडीची किल्ली टेबलावर टाकली. "तीन फेऱ्या मारल्या आणि हे कळलं नाही?"

"नाही कळलं."

"माझी आई तीन आठवडे कोट घालून बसली. मी तिला घरातून काढायला निघालो होतो. एका दोरीपायी?"

"हो," तुल्लियो म्हणाला. "माफ करा."

मौरोनं शेगडीची वही काढली. प्रत्येक शेगडीची असते, सफाई-दुरुस्ती त्यात लिहायची. "इथे लिहा. मला नोंद हवी." तुल्लियोनं पोत्यावर गुडघे टेकले, वही शेगडीवर ठेवली आणि त्याच्या त्या मोठ्या, सावकाश अक्षरात लिहिलं: दाराची दोरी चुकीच्या मापाची बसवली. चूक काम करणाऱ्याची. घरातल्या व्यक्तीचा दोष नाही. खाली सही, तारीख.

सोमवारी तो परत आला, एक लवचिक नळी घेऊन. भिंतीतल्या भोकापासून थेट शेगडीच्या पाठीत नळी जोडली, भोवतीची फट बुजवली. आता बाहेरची हवा खोलीत न येता सरळ शेगडीत जाणार. भिंतीवर एक पांढरी डबी ठोकली, विषारी वायू झाला तर बोंबलणारी. मावशी खुर्चीत बसली, मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली.

"वारा नाही," ती म्हणाली.

"मुकाट्यानं बुजवण्याऐवजी आधीच मला म्हणाला असतात, मानेला लागतंय, तर तेव्हाच केलं असतं," तुल्लियो म्हणाला. तेवढंच तो तिला बोलला.

मला जिन्यात बोळा परत दिला. "हे डोक्यावर घाल, भिंतीला नको."

"तू खोटं का लिहिलंस?"

तो पायरीवर थांबला. "आईला तिथे मीच ठेवलं होतं," म्हणाला. "सोय म्हणून." आणि उतरून गेला.

मौरोनं गप्प का बसावं? त्यानं बारमध्ये सांगितलं, बारनं खोऱ्याला सांगितलं. त्या हिवाळ्यात हॉटेलवाल्यांनी दुसरा माणूस बोलावला, पाद्रीबाबांनीसुद्धा. तुल्लियो समोरून गेला की पोरंटोरं हातातली चिठ्ठी दारात धरून ओढून दाखवायची. तो हसून टोपी उचलायचा. एकदा बारमध्ये माझा तोल सुटला. मी अर्धी उठले, तर त्यानं टेबलाखालून माझ्या पायावर असा पाय दिला की चार दिवस लंगडत होते.

ओनोरीना मावशी त्यानंतर सहा हिवाळे त्याच खुर्चीत, त्याच उबेत बसली. गेल्या मार्चमध्ये झोपेतच गेली, आपल्या पलंगावर. अठ्ठ्याऐंशी पूर्ण केली होती.

माती देऊन आल्यावर मौरोनं वरती चार माणसांना वाइन आणि ब्रेड ठेवला. माणसं गेली. मी कप विसळत होते, तुल्लियो निघायला उठला होता. मौरो थकलेला होता, पोरका झालेला होता. शेगडीवर हात आपटून म्हणाला, "हे धूड घेऊन जा, तुल्लियो. घर विकायचं आहे. वही सोबतच आहे, तुमच्या कबुलीसकट."

मला मावशी डोळ्यांसमोर दिसत होती. सहा वर्षांचं साठलेलं एकदम बाहेर आलं. "कबुली खोटी आहे," मी म्हटलं. आणि सगळं सांगितलं. बोळा, कडी, कॅलेंडर, खिशातली लोकर. तुल्लियो दोनदा "नोएमी" म्हणाला, मी थांबले नाही.

संपल्यावर वाटलं होतं, मन हलकं होईल. तुल्लियोकडे पाहिलं तर तो इतका चिडलेला मी कधीच पाहिला नव्हता. "जिनं लपवलं तिला आज माती दिली," तो म्हणाला, "आणि तू तिला आजच उघडं पाडलंस. कशासाठी? माझ्यासाठी? मी मागितलं होतं?"

खरं तर मी ते माझ्यासाठीच केलं होतं.

मौरो आईच्या खुर्चीत जाऊन बसला. मागे हात नेऊन त्यानं नळी चाचपली, भिंत चाचपली.

"इथे वारा यायचा?"

"मानेला," मी म्हटलं.

तो म्हणाला, "तिनं मला सांगितलं होतं. पहिल्याच हिवाळ्यात, फोनवर. मौरो, मानेला वारा लागतो रे, म्हणाली. मी गाडी चालवत होतो. मी म्हटलं, आई, मफलर गुंडाळ. आणि फोन ठेवला." त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "एवढंच सांगत होती ती. आणि मी म्हटलं, मफलर गुंडाळ."

तुल्लियोनं टोपी टेबलावर ठेवली, बोर्तोलोच्या खुर्चीत त्याच्यासमोर बसला.

"गुंडाळायची ती मफलर," तो म्हणाला. "तुमच्या सांगण्यावरून घेतलाय म्हणायची. निळा होता. मी कितीदा पाहिलाय."

मौरोनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. जिना चढून रोज वर जाणारी शेजारीण मी, माझ्याहून जास्त कुणाला माहीत असणार? मावशीनं घरात मफलर कधीच गुंडाळला नाही. निळा तर तिच्याकडे नव्हताच.

"निळाच," मी म्हटलं, आणि कप पुसायला घेतले.